चार नंबरच्या टाकीचं नाक

"मावशी, चार नंबरला नुसतं नाक लावा. तुम्ही हो म्हणालात की विरजण सोडतो."

मॅनेजरसाहेबांना नेहमीचीच घाई. आमच्या कारखान्यात मका शिजवून, आंबवून गाड्यांत घालायचं इथेनॉल काढतात. आंबवायला यीस्ट लागतं, त्याला आम्ही विरजणच म्हणतो. चार नंबरचं विरजण आज बाकीच्या पाच टाक्यांत जायचं होतं. ते नासलेलं असलं तर सगळ्याच टाक्या गटारात.

आणि हे ठरवणार कोण? तर मी! बावीस वर्षं टाक्यांवर आहे. टाकी बिघडायला लागली की लॅबच्या आधी मला वास येतो, म्हणून कारखान्यात माझं नावच 'नाक'. या कौतुकापायी लॅबला विचारायचंच सगळे विसरले.

मी नमुन्याचं भांडं नाकाशी धरलं. काही नाही. साधं पाणी हुंगावं तसं.

तापातून उठल्यापासून दोन महिने हे असंच चाललंय. बुडबुड्यांचा आवाज ऐकायचा, तापमानाचा काटा बघायचा आणि ठोकून द्यायचं, "झकास!" आज बुडबुडे मंद होते. साखर संपत आली तरी मंद होतात, नासलं तरी मंद होतात. आता कान काय सांगणार, कपाळ?

"काय मावशी, मुहूर्त बघताय का?" खालून वेल्डर ओरडला.

"तू तुझं काम कर, इथं नाक खुपसू नकोस!" मी म्हटलं आणि साहेबांकडे वळले. "लॅबला पाठवा."

"अहो, दोन तास जातील! तुमचं नाक असताना लॅब कशाला? हो की नाही, एवढंच सांगा."

हो म्हणणं किती सोपं होतं. नाही म्हणणंही सोपंच, झाकली मूठ तशीच राहिली असती. पण दोन्ही खोटंच की! मी विरजण सोडायच्या व्हॉल्व्हच्या चाकावर हात घट्ट ठेवला.

"साहेब, मला वास येत नाही. दोन महिने झाले. रिपोर्ट येईपर्यंत हे चाक फिरवू देणार नाही."

खालची ठोकाठोक थांबली. साहेब लालबुंद झाले. "दोन महिने! आणि आज सांगताय?"

"चुकलं माझं. लाज वाटत होती. पण आज सांगतेय ना?"

दोन तास मी हलले नाही. मग लॅबवाली बाई धावतच आली. विरजण नासलेलं होतं. साहेबांनी ताजं यीस्ट मागवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून टाकीवर तुमचं काम नाही."

मी चाकावरचा हात काढला. म्हटलं, "मग लॅबमध्ये येते. सूक्ष्मदर्शकाच्या काचेतून विरजण बघायला शिकवा. डोळे आहेत की अजून."

साहेब जिना उतरून निघून गेले. लॅबवालीच म्हणाली, "आठला या."

घरी पोचले तर लेकीनं महिन्याभराची नात माझ्या हातांत दिली. "आई, टाळूचा वास घे ना हिच्या. काय गोड येतो गं!"

मी टाळूला नाक टेकवलं. ऊब लागली, जावळ ओठांना लागलं. आता इथंही खोटं बोलायचं?

"मला येत नाही गं," मी म्हटलं. "तू सांग, कसा येतो?"

लेक वाकली, तिनं हुंगलं, आणि किती तरी वेळ शब्द शोधत राहिली.