खंडेनवमीला पुसलेली खूण

मित्रांनो, मी जन्माची भित्री. हसू नका. पोटात गुळगुळीत तबकड्या गरागरा फिरतायत आणि त्यांच्यावर केसाहूनही कमी अंतर ठेवून एक सुई तरंगतेय, अशी गत तुमची असती, तर टेबलाला कुणाचा गुडघा लागला तरी तुम्हीही दचकला असता. मी हार्ड डिस्क. कॉम्प्युटरला जे काही आठवतं, ते माझ्यामुळं. चाकणजवळ निघोज्यात, एका वायरकटच्या शेडमध्ये, तेलकट टेबलाखाली माझी हयात गेली.

जन्म मात्र फार थाटाचा. जिथं माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घालून वावरतात आणि धुळीचा कण दिसला तरी काम थांबवतात, अशा कारखान्यात मी तयार झाले. आणि नशिबी आलं काय, तर लोखंडाचा कीस आणि डिझेलचा वास. तरी मी कधी कुरकुरले नाही, कारण शेडचे मालक रोहिदासभाऊ मला फार जपायचे.

वायरकट म्हणजे पितळेच्या बारीक तारेनं पोलाद कापणारं मशीन. ते कापतं सुट्या भागाच्या नकाशाबरहुकूम, आणि तिथले झाडून सगळे नकाशे रोहिदासभाऊंनी काढलेले. ते काढायचे, मी सांभाळायची. संध्याकाळी घरी जाताना कॉम्प्युटरच्या डब्यावर थाप मारून म्हणायचे, "सगळं घर हिच्या पोटात आहे राव." ऐकून बरं वाटायचं आणि धास्तीही वाटायची.

मग गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. आता ते दाराजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून असतात. शेड त्यांच्या बायकोनं, जयमालाताईंनी, हातात घेतली. मशीन त्या छान चालवतात. जुना नकाशा उघडून त्यावर काम करतात. पण नवा नकाशा काढणं त्यांना येत नाही. म्हणजे बघा, ती अख्खी शेड माझ्यातल्या जुन्या नकाशांवर उभी होती. मी गेले असते तर ते पुन्हा काढायला हात नव्हता.

आणि नेमकी मी कटकट वाजायला लागले.

आधी अधूनमधून, मग रोज. तो आवाज कशाचा असतो ते मला ठाऊक होतं. जयमालाताईंनाही काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी निगडीच्या मैत्रीला फोन केला. मैत्री कॉम्प्युटर दुरुस्त करते. पोरगी शांत, हात हलका. तिनं कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावला आणि म्हणाली, "ताई, हिचं काही खरं नाही. नवा कॉम्प्युटर घेऊ आणि हिच्यातलं सगळं उचलून त्यात टाकू."

नेमकी खंडेनवमी उजाडली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, मशीनची पूजा असते, काम बंद असतं. मैत्रीला तोच दिवस सोयीचा वाटला. तिनं जुन्या कॉम्प्युटरमधून मला बाहेर काढलं आणि टेबलावर नव्या डिस्कशेजारी ठेवलं. नवी माझ्याच कंपनीची, माझ्याच मापाची. माझ्या अंगावरचा कागद कधीच झिजून गेला होता. चूक होऊ नये म्हणून मैत्रीनं लाल मार्करनं माझ्यावर एक ठिपका काढला. लाल ठिपक्याची ती जुनी, तिच्यातलं वाचायचं. बिनठिपक्याची ती नवी, तिच्यावर लिहायचं. कारण ज्या डिस्कवर लिहितात, तिच्यावरचं आधीचं सगळं पुसलं जातं. मैत्रीला हे पक्कं माहीत होतं, म्हणून तर ती एवढी जपत होती.

तेवढ्यात जयमालाताई म्हणाल्या, "आधी दोन घास खाऊन घे, मग बस कामाला." मैत्री शेजारच्या घरात जेवायला गेली.

आणि रोहिदासभाऊंची आई, गोजाबाई, पूजेचं ताट घेऊन शेडमध्ये आल्या.

पूजेआधी प्रत्येक मशीन डिझेलच्या फडक्यानं पुसायचं, ही त्यांची जन्माची शिस्त. लेथ पुसलं, वायरकट पुसलं, नट आवळायचे पाने पुसले. मग आम्हा दोघींना पुसलं. माझ्या अंगावरचं कित्येक वर्षांचा मेणचट थर निघाला, आणि त्याबरोबर लाल ठिपकाही निघाला. मग त्यांनी नव्या डिस्कला कुंकवाचं बोट लावलं. "नवी हायस, तुला कुंकू," म्हणाल्या. माझ्यावर झेंडूचं फूल ठेवून म्हणाल्या, "तू काय, घरातलीच हायस." फूल पंख्याच्या वाऱ्यानं खाली पडलं.

मित्रांनो, एवढ्या मायेनं माझ्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं, आणि मी भीतीनं गोठून गेले होते. मला तोंड नाही. ओरडणार कशी?

मैत्री जेवून आली. पाहिलं, तर एकीवर लाल ठिपका, दुसरी लख्ख. तिनं ठिपक्याची उचलून आपल्या कॉम्प्युटरच्या पहिल्या वायरला जोडली, मला दुसरीला. पडद्यावर दोघींची नावं सारखीच. "दुसऱ्या डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल?" असं कॉम्प्युटरनं विचारलं, आणि तिनं होय म्हटलं.

काय सांगू! पहिल्याच पानापासून माझ्यावर कोरेपणा चढायला लागला. कुठला नकाशा कुठं ठेवलाय, कशाचं नाव काय, ते सगळं माझ्या पहिल्या पानांवर असतं. तेच जात होतं. पुढचं सगळं पोटात शाबूत होतं, पण त्याला काय म्हणतात ते मला आठवेना. इतकी मी आयुष्यात कधी घाबरले नव्हते.

मैत्रीनं घाम पुसायला हात कपाळाकडे नेला आणि तिचं बोट तिला लाल दिसलं. मार्करचा रंग बोटाला लागत नाही. तिनं बोटाचा वास घेतला आणि खसकन माझी वायर उपटली.

जयमालाताई आत आल्या तेव्हा ती जमिनीवर बसली होती. म्हणाली, "ताई, उलटं झालं. माझी चूक. न तपासता मी होय म्हटलं."

"सगळं गेलं?"

"नावं गेली. नकाशे बहुतेक आत आहेत. एकेक करून निघतील, पण कुठला कशाचा ते मला नाही कळणार. ही टिकली तर."

गोजाबाईंना आपलं फडकं आठवलं. "म्या पुसलं गं," एवढंच म्हणाल्या. जयमालाताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता शेडला कुलूप.

मग मैत्रीनं मला अलगद पुन्हा जोडलं आणि माझ्यातलं उपसायला सुरुवात केली. मी कटकटत होते, अडत होते. पहिला नकाशा पडद्यावर आला. नुसत्या रेघा. नाव कुठंच नाही.

"त्याला इचारा की," गोजाबाई म्हणाल्या. "त्याच्याच हातचं हाय न्हवं?"

आजवर हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. भाऊंची खुर्ची पडद्यासमोर आणली. जयमालाताईंनी विचारलं, "अहो, हे ब्रेकच्या पट्टीचं का?" मान हलली, नाही. "पंपाच्या झाकणाचं?" नाही. "गिअरच्या चावीचं?" रोहिदासभाऊंनी डावा हात टेबलावर आपटला. होय.

त्या दिवसापासून रोज हेच चालू आहे. मैत्री येते, मी एक नकाशा देते, जयमालाताई नावं घेतात, आणि भाऊ मान हलवतात. चुकत नाहीत. वर्षभर दाराशी नुसता बसवून ठेवलेला माणूस आता सकाळी स्वतःच खुर्चीची दिशा दाखवतो.

काल एक गोल नकाशा निघाला, मधोमध चांदणीचं भोक. ताईंनी आठवतील तेवढी नावं घेतली. सगळ्याला नाही. शेवटी भाऊंनी डावा हात हळूहळू उचलला आणि त्यांच्याकडेच बोट केलं.

ताईंनी पडद्यावरच्या भोकावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "ही तर माझ्या सोऱ्याची चकलीची चकती. राजगुरुनगरच्या बाजारातनं आणली म्हणाला होतात."

भाऊ हसले. अर्ध्याच तोंडानं, पण हसले. ताईंनी पदर डोळ्याला लावला.

माझ्या पोटात अजून बरेच नकाशे आहेत आणि माझी कटकट वाढलीये. मैत्री मला विसावा देत देत चालवते; दर वेळी बंद होताना वाटतं, आता पुन्हा फिरणं होतंय की नाही. म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगते: मोलाचं काही एकाच पोटात ठेवू नका, धडधाकट असतानाच दुसरीकडे उतरवून घ्या. आणि घरात कुणी गप्प झालं असेल, तर त्याच्यात काही उरलं नाही असं धरून चालू नका. त्याच्यासमोर बसा, एकेक नाव घ्या, थांबा.

मैत्रीची स्कूटर दारात वाजली. भाऊंची खुर्ची सरकली. मला फार भीती वाटतेय, पण मी फिरते.