रक्त का वाढेना

मुंगी भिंत खाते हे तिच्या आईच्या लक्षात आलं, तोवर पलंगामागच्या गिलाव्याला वाटीएवढा खड्डा पडला होता. चार वर्षांची मुंगी नखाने पोपडे उकरून तोंडात टाकत होती. आईने पाठीत धपाटा घातला, तोंडात बोट घालून माती काढली आणि खड्ड्यापुढे कपाट सरकवलं. दुसऱ्या दिवशी पोर दाराजवळची भिंत उकरत बसलेली.

आई इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी, वडील बसवर ड्रायव्हर. खोड आहे, जाईल, असं दोघांनाही वाटलं. पण पोर पांढरीफटक दिसायला लागली. जिना चढताना मध्येच पायरीवर फतकल मारून बसायची आणि म्हणायची, "तुम्ही व्हा पुढे." म्हातारीसारखं ते बोलणं ऐकून वडील आधी हसले, मग त्यांचं हसू विरलं.

आईने सुट्टी टाकून सरकारी हॉस्पिटल गाठलं. तीन तास रांगेत, दोन मिनिटं आत. डॉक्टर म्हणाले, जंत असतील. जंतांचं औषध झालं, महिना गेला, भिंत होती तिथेच. पुन्हा सुट्टी, पुन्हा रांग. या वेळी रक्त तपासायला सांगितलं. रक्त घेण्याची खिडकी बाराला बंद झाली होती. दुसऱ्या दिवशी खिडकी उघडी होती, पण चिठ्ठीवर शिक्का नव्हता. शिक्क्याचा माणूस जेवायला गेलेला. रिपोर्ट हातात यायला आठवडा लागला. मुंगीच्या अंगात रक्त सात, हवं होतं अकराच्या वर.

"लोह कमी आहे. म्हणून माती खाते," डॉक्टर म्हणाले. "हे औषध रोज द्या. तीन महिन्यांनी दाखवा. पुढचा नंबर!"

औषधाचा वास गंजक्या पत्र्यासारखा. मुंगी ओठ घट्ट मिटायची, दिलेलं थुंकायची. आईचे दोन गाऊन डागांनी वाया गेले. शेवटी वडिलांनी युक्ती काढली. सकाळी ड्युटीवर जाण्याआधी ते स्वतः चहा करायचे, लेकीच्या कपात चमचाभर औषध ढवळायचे आणि दोघं समोरासमोर बसून चहा प्यायचे. थेंबही सांडेना. तीन महिन्यांत एकही दिवस चुकला नाही.

तीन महिन्यांनी दोघंही तिला घेऊन गेले. वडिलांनी तर धुतलेला शर्ट घातला होता.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "सात पॉइंट दोन? औषध देत नाही तुम्ही."

"देतो ना," वडील म्हणाले. "रोज देतो."

"सगळे हेच म्हणतात. दिलं असतं तर वाढलं असतं."

आईने पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या. "ह्या काय आम्ही मोरीत ओतल्या?"

"आवाज कमी करा. हे हॉस्पिटल आहे."

"आणि ही पोर आहे! चौथी खेप आहे आमची. दर वेळी तुम्ही नुसतं सांगता, विचारत काहीच नाही."

वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या सिस्टर पुढे आल्या. "बाई, औषध कशाबरोबर देता?"

"चहातून," वडील पटकन म्हणाले. "कडू लागतं ना तिला."

सिस्टरांनी कपाळाला हात लावला. "अहो, चहात लोह अंगी लागतच नाही. दुधाबरोबरही नाही. लिंबाच्या पाण्यातून द्यायचं, आणि चहा बंदच करा तिचा."

"हे कुणी सांगितलं नाही आम्हाला."

"बाटलीवर लिहिलेलं असतं," डॉक्टर म्हणाले.

आईने बाटली डोळ्यांशी धरली. तिळाहूनही बारीक अक्षरं होती, तीही तिला न येणाऱ्या भाषेत. तिने बाटली डॉक्टरांपुढे धरली. "वाचून दाखवा." त्यांनी ती न घेताच पुढचा नंबर पुकारला.

बाहेर जिन्यावर वडील खाली बसले. "माझ्या हाताने पाजला गं. रोज."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"काहीच नव्हतं."

"मलाही नव्हतं. ज्यांना होतं, त्यांच्या तोंडाला काय झालं होतं?" ती एवढ्या जोरात बोलली की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. वडिलांनी मुंगीला खांद्यावर घेतलं आणि तिघं बसस्टॉपकडे निघाली.

लिंबूपाण्यावरून मुंगीने आठ दिवस छळलं. नाक दाबून, गाणी म्हणून, कधी ओरडून दिलं. पोर जिना न बसता चढायला लागली, भिंतीकडे बघेनाशी झाली. दोन महिन्यांनी रक्त साडेनऊ भरलं.

डॉक्टर पहिल्यांदाच हसले. "बघा, औषध नीट दिलं की वाढतं की नाही?"

आईच्या जिभेवर बरंच काही आलं. वडिलांनी तिचं कोपर दाबलं. पुढचा नंबर पुकारला गेला होता.

दारात एक बाई कडेवर फिकट पोर घेऊन उभी होती. हातात तीच बाटली. आईने तिला अडवलं. "हे औषध चहातून किंवा दुधातून देऊ नका हं."

"मी तर दुधातूनच देते," ती बाई गोंधळून म्हणाली. "दोन महिने झाले."

"आत जाऊन सांगा. त्यांनी नाही विचारलं तरी सांगा."

"रागावतील ना ते."

"रागावू देत," आई म्हणाली आणि त्या बाईच्या पाठीवर हात ठेवून स्वतःही तिच्याबरोबर आत गेली.