काचेतली हिरवी खुर्ची

पुस्तकं पुठ्ठ्याची होती, हे आधीच सांगून टाकते. कपाट विकायचं तर ते भरलेलं दिसावं लागतं, आणि खऱ्या पुस्तकांनी फळ्या वाकतात. म्हणून आमच्या दुकानात पोकळ पुस्तकं आणतात. बाहेरून सोनेरी पट्टी, आत हवा. दुकान घरसामानाचं आहे: टेबलं, खुर्च्या, दिवे, गालिचे, पडदे. झाडांची पानं पिवळी पडायला लागली की रस्त्याकडच्या मोठ्या काचेमागे नवी खोली मांडायची, ही आमची रीत. या वेळी ते काम माझ्याकडे आलं.

"पानगळीतला अभ्यासाचा कोपरा हवा," मालकीणबाई म्हणाल्या. "बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, इथे बसावं, पांघरूण ओढावं आणि जाडजूड काहीतरी वाचावं. उबदार, पण विद्वान."

उबदार पण विद्वान! बाई, खोली मांडायची आहे की जावई शोधायचाय? हे अर्थात मनात. तोंडाने मी "हो मॅडम, हो मॅडम" केलं. मागच्या मोसमातली माझी काच, म्हणजे काचेमागची मांडणी, साफ फसली होती. "दवाखान्यात नंबर यायची वाट बघतोय असं वाटतं," हे मालकीणबाई गिऱ्हाइकांसमोर म्हणाल्या होत्या. आताही फसले असते तर पुन्हा गोदामात पडद्यांच्या घड्या घालणं नशिबी होतं. त्या गोदामात मी बरीच वर्षं काढली आहेत. तिथे परत जायचं नव्हतं, बस्स.

म्हणून जीव ओतला. मोहरीच्या रंगाचा गालिचा घेतला. अक्रोडाच्या रंगाचं लिहायचं टेबल, त्यावर हिरव्या काचेचा दिवा, बाजूला लोकरीचं पांघरूण मुद्दाम विस्कटून टाकलेलं. चामड्याची एक आरामखुर्ची. टेबलावर चष्मासुद्धा ठेवला, बिनभिंगांचा. मालकीणबाई रस्त्यावर उभ्या राहून बघून आल्या आणि म्हणाल्या, "सगळं आहे, पण इथे कोणी राहत नाही हो."

मला राग आला, कारण ते खरं होतं. सगळं नवंकोरं होतं. त्या कोपऱ्यात कोणीही कधी टेकलंसुद्धा नव्हतं.

आणि तेव्हा मला आईची खुर्ची आठवली.

आमच्या घरी वाचायच्या खुर्च्या दोन, समोरासमोर. आईबाबा दोघंही छापखान्याची प्रुफं तपासायचे. बाबा मूळ कागद हातात धरून मोठ्यांदा वाचायचे, आणि नुसते शब्द नाही, "पाऊस थांबला स्वल्पविराम पण तो थांबला नाही पूर्णविराम" असं सगळं. समोर आई पेन्सिल घेऊन छापलेल्यावर नजर फिरवायची. पूर्णविराम आला की आई म्हणायची, "हं." म्हणजे जमलं, पुढे चला. "हं" नाही आला की बाबा थांबायचे आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. माझं सगळं लहानपण या स्वल्पविरामांत गेलं. मैत्रिणी घरी यायच्या आणि तोंडात रुमाल कोंबून हसायच्या. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आई गेली. काम तर त्याआधीच बंद झालं होतं. पण बाबांनी सवय सोडली नाही. रोज दुपारचा चहा झाला की पुस्तक घेऊन आपल्या खुर्चीत बसायचं, समोरच्या रिकाम्या हिरव्या खुर्चीला वाचून दाखवायचं, स्वल्पविरामांसकट. पूर्णविरामाला जरा थांबायचं, आणि मग पुढे. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी दार लावून घ्यायची.

ती खुर्ची म्हणजे काय सांगू! हिरवं जाड कापड, हातांवर घासून पांढुरकं झालेलं. बैठकीला खळगा. एका बाजूला आईने निळ्या दोऱ्याने घातलेले टाके, हिरवा दोरा संपला होता म्हणून. अशी खुर्ची कुठल्या कारखान्यात बनत नाही.

"बाबा, आईची खुर्ची डुगडुगतेय. दुरुस्तीला नेते," मी म्हटलं.

"डुगडुगते? मला नाही दिसलं गं ठमे." बाबा मला ठमी म्हणतात, मी रांगायची तेव्हापासून. "पण ने. लवकर आण मात्र."

खुर्ची चांगली दणकट होती. जीभ अडखळलीसुद्धा नाही माझी.

काच गाजली. काय गाजली! लोक थांबून बघायला लागले, फोटो काढायला लागले. सगळ्यांचं बोट त्या खुर्चीकडे. मालकीणबाई मला "आमच्या कलाकार" म्हणायला लागल्या, आणि मी हवेत. घरी मात्र बाबांचं वाचन बंद पडलं होतं. चहा झाला की खुर्चीत बसायचे, पुस्तक मांडीवर, मिटलेलं. "झाली का दुरुस्ती?" एवढंच विचारायचे. "कारागीर आजारी आहे," मी ठोकून द्यायची. खरं सांगू? घरातली ती शांतता मला बरी वाटत होती. जनाची नाही तर मनाची तरी असावी. तीही नव्हती.

परवा वारा सुटला. सकाळी निघताना मी शाल विसरले. दुपारी दुकानात गर्दी होती. एक झकपक जोडपं अख्खी अभ्यासिका घेणार होतं आणि मालकीणबाईंच्या शेजारी उभी राहून मी त्यांना दिवे दाखवत होते. बाहेर काचेपाशी माणसं जमलेली दिसली. हसत होती. मला वाटलं, झालं, आपली काच आज आणखी गाजली.

तेवढ्यात आवाज आला. "खिडकी उघडी होती स्वल्पविराम आणि दिवा..."

दिवा तसाच सोडून मी वळले.

बाबा काचेतल्या खोलीत बसले होते. पायात घरातल्या सपाता, स्वेटरची बटणं एक घर सोडून लावलेली. चामड्याच्या नव्या खुर्चीत ताठ बसून समोरच्या हिरव्या खुर्चीला वाचून दाखवत होते. कपाटातलं एक पुस्तक त्यांनी काढून बघितलं असावं, कारण ते पोकळ खोकं टेबलावर उघडं पडलं होतं. हातातलं पुस्तक त्यांचं स्वतःचं होतं. मांडीवर माझी शाल, नीट घडी घातलेली. बाहेरची माणसं काचेला नाक लावून बघत होती. त्यांना ती जाहिरात वाटली असेल, नाहीतर कोणी वेडा येऊन बसलाय असं.

"हे कोण?" मालकीणबाईंनी मला विचारलं. "तुमच्या ओळखीचे आहेत?"

बाबांनी मान वळवली. मला बघून हसले. तोंड उघडलं, ठमे म्हणणार होते.

"नाही हो," मी म्हटलं. "कोणीतरी असतील. अशी माणसं येतात कधीकधी."

जीभ कशी झडली नाही माझी!

बाबांचं तोंड मिटलं. त्यांनी पुस्तक बंद केलं, हळूच उठले. पोकळ पुस्तक मिटून जागच्या जागी ठेवलं. उठताना पांघरूण सरकलं होतं, तेही होतं तसं केलं. मग खाली उतरून माझ्यासमोर आले.

"माफ करा हं बाई," ते म्हणाले. "खुर्ची ओळखीची वाटली." आणि शाल गल्ल्यावर ठेवली. "ही इथल्याच कोणाची तरी असेल."

दाराबाहेर गेले. गर्दीने वाट करून दिली. एकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

एवढ्यावर भागलं असतं तरी खूप होतं. पण मालकीणबाईंनी ती शाल उचलून बघितली. "छान आहे हो. घाला ना त्या हिरव्या खुर्चीच्या पाठीवर, शोभेल." आणि मी घातली. माझ्या हातांनी माझी शाल आईच्या खुर्चीवर पसरली, एक टोक खाली लोंबकळत ठेवलं, कारण तसं जास्त घरगुती दिसतं. मागे होऊन बघितलंसुद्धा, सरळ आहे का ते. जोडप्यातली बाई म्हणाली, "आम्हाला ही खुर्चीच हवी. अश्शीच. शालीसकट."

"देऊ की," मालकीणबाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला असावा, कारण सगळे बघायला लागले. "ती माझ्या आईची आहे."

"अहो, पण मग आत्ताचे ते गृहस्थ..."

"माझे वडील."

मालकीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नजर खाली घातली, माझ्या वतीने. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. सांगितलं खरं, पण ज्याला ऐकू जायला हवं होतं तो माणूस सपाता ओढत कोपऱ्यापलीकडे गेला होता.

दुकान बंद व्हायची वाट न बघता दुकानाच्या गाडीतून खुर्ची घरी आणली. काचेचं काय होईल, गोदामाचं काय होईल, विचारलंही नाही. दार बाबांनीच उघडलं. स्वेटरची बटणं आता नीट लावलेली होती.

"अरे वा, झाली का दुरुस्त?" ते म्हणाले. खुर्ची जागेवर ठेवली, तेव्हा त्यांनी निळ्या टाक्यांवरून हात फिरवला. "चांगली केली. होती तशीच ठेवली."

"बाबा..."

"आज गारठा होता. शाल विसरली होतीस."

"बाबा, तुम्ही दुकानात आला होतात."

"मी?" ते चष्मा पुसायला लागले. खूप वेळ पुसत होते. "नाही गं. कोणीतरी दुसरं असेल. अशी माणसं येतात कधीकधी."

मला वाचवायला म्हणाले की माझे शब्द मला परत करायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. विचारायची सोयही मी ठेवली नव्हती. मी रडले. ते उठले नाहीत, जवळ घेतलं नाही. ठमे म्हणाले नाहीत, अजूनही म्हटलेलं नाही.

त्यांनी दुपारचं पान शोधलं आणि वाचायला सुरुवात केली. "खिडकी उघडी होती स्वल्पविराम आणि दिवा कोणी विझवला नव्हता पूर्णविराम."

थांबले. समोरच्या खुर्चीकडे बघत राहिले. त्या खुर्चीत बसायची माझी लायकी नव्हती. मी दारात उभ्या उभ्याच म्हटलं, "हं."

त्यांनी पान उलटलं नाही. पुढेही वाचलं नाही. तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचलं.