घराचा आलेख

बाजारात त्यांना सगळे तेजीवाले म्हणत, कारण कोसळत्या भावातही त्यांना कोठे ना कोठे आशेचा आधार दिसत असे. शेअरांचे विश्लेषण आणि ऑप्शनचे सौदे यांत त्यांची हयात गेली होती. त्या कारकिर्दीचा आरंभ मात्र एका खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्याशेजारी झाला. ते वर्तमानपत्रातून आकडे वाचीत आणि पत्नी आलेखाच्या वहीत मोजपट्टीने कँडल काढी, म्हणजे बाजार उघडतानाच्या भावापासून बंद होतानाच्या भावापर्यंत एक उभी पट्टी. भाव चढून बंद झाला तर हिरवी, उतरून बंद झाला तर तांबडी. तिची रेघ केसभरही हलत नसे.

वही मिटताना ती थट्टेने विचारी, "काय हो, आज तुम्ही स्वतः कितीला बंद?"

"तुझ्या हातचा चहा मिळाला, म्हणजे चढाच," असे ते सांगत, आणि ती मोजपट्टी उगारी.

पुढे मोठ्या कचेरीत नोकरी लागली. तेथे कँडल पडद्यावर आपोआप उमटत. वहीची गरज सरली. वहीसोबत तो प्रश्नही सरला, हे मात्र त्यांच्या ध्यानी आले नाही.

त्या रविवारी मेहुणा खाली गाडी घेऊन उभा होता. पत्नीची बॅग दाराशी होती.

"अगं, पण माझं चुकलं काय, ते तरी सांग."

तिने बॅगेतून आलेखाची एक वही, मोजपट्टी आणि तांबडे-हिरवे अशी दोन पेने काढून टेबलावर ठेवली. "वाचा. तुमचंच काम आहे."

पाने कँडलींनी भरलेली होती, परंतु वर नाव नव्हते.

"हा शेअर कुठला?"

"आपलं घर. तुम्ही नोकरीला लागलात त्या दिवसापासून. सकाळी कसे उठलात ते उघडणं, निजताना कसे होतात ते बंद होणं."

आरंभीची पाने हिरवी होती. मग तांबडा रंग शिरला, वाढला, आणि शेवटच्या चौदा महिन्यांत नुसत्या आडव्या रेघा उरल्या.

"आणि या?"

"सकाळी बोलला नाहीत, रात्रीही नाही. उघडलात तिथंच बंद."

तेजीवाल्यांना स्वतःचेच शिकवणे आठवले. ऑप्शन शिकवताना ते नवशिक्यांना नित्य बजावीत की, भाव जागचा हलला नाही तरी ऑप्शन, मुदतीचा सौदा असल्याने, रोज झिजतोच. न हललेला दिवस फुकट जात नाही, किमतीतून वजा होतो. हे वाक्य त्यांनी शेकडो जणांना लिहून दिले होते.

"आता सांगा," ती शांतपणे म्हणाली. "गिऱ्हाइकाला काय सांगाल? धरून ठेवा, की बाहेर पडा?"

धरून ठेवा, हे शब्द ओठांवर आले. पण तिने काढलेल्या आलेखावर ते आजवर कधी खोटे बोलले नव्हते.

"बाहेर पडा," ते म्हणाले.

तिने डोळे पुसले. "आज पुष्कळ दिवसांनी खरं बोललात. आजची कँडल मात्र तुम्हीच काढा."

गाडी गेल्याचा आवाज आला. साडेतीन वाजता, एरवी बाजार बंद होतो त्या वेळी, ते सवयीने वहीपाशी बसले आणि मोजपट्टी धरून तांबडे पेन टेकवले. ते उमटेना. त्यातील शाई केव्हाच संपली होती. शेजारच्या हिरव्या पेनात मात्र अजून पुष्कळ शाई होती.