अतुलचा प्रोसेसर

नुसती चौकशी करून निघून जाणारं गिऱ्हाईक माझ्या डोक्यात जातं. राजारामपुरीत कॉम्प्युटरचं दुकान टाकल्यापासून हेच चाललंय. कळंब्याचे अण्णासोही प्रोसेसरची नुसती चौकशीच करायचे, पण त्यांना हाकलता येत नव्हतं, कारण तो प्रोसेसर त्यांच्यासाठी नव्हताच. तो त्यांच्या पोरासाठी, अतुलसाठी होता, आणि अतुल उन्हाळ्यात कागलजवळ मोटारसायकलवरून पडून वारला होता.

पोरगं रोज माझ्या काउंटरवर कोपर टेकून उभं असायचं. घरच्या जुन्या मशीनवर नवे गेम रखडत चालायचे. "प्रसेनजीतदादा, पेंटियम फोर आन् पाचशे बारा रॅम. कवा बसवताय?" त्याला दम म्हणून नव्हता.

रक्षाविसर्जनाला मी कळंब्याला गेलो. आम्ही बौद्ध, आमच्यात कावळ्याला कुणी विचारत नाही. पण घास ठेवला आणि कावळे नुसते बाभळीवर बसून राहिले. बहिणीचं लग्न करतो म्हणून झालं, आईला जपतो म्हणून झालं. ऊन चढलं. शेवटी मीच ओरडलो, "अतुल्या, पेंटियम फोर बसवतो! पाचशे बारा रॅमसकट! माझा शब्द हाय!"

एक कावळा उतरला आणि घास घेऊन गेला. लोक हात जोडून घरी गेले. माझ्या अंगावरचा काटा काही गेला नाही.

त्यानंतर अण्णासो दर आठवड्याला दुकानात. "पेंटियमच बरा व्हय? का एएमडी बघूया?" पुढच्या खेपेला, "रॅमची एकच पट्टी घ्यावी, का दोन?" मी समजावून सांगायचं, त्यांनी मान हलवायची आणि रिकाम्या हातानं जायचं. इकडे माझी झोप उडाली. कुणी काउंटरवर कोपर टेकलं तरी मी दचकायचो. मेलेल्याला दिलेला शब्द पाळावा, हे कळायला कुठला धर्म लागत नाही.

एका दुपारी माझं डोकं फिरलं. प्रोसेसर, त्याला चालणारा बोर्ड आणि रॅम पिशवीत टाकून स्कूटरवरून थेट कळंबा गाठलं. अण्णासो बाहेरच्या सोप्यात बसले होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली.

आत अतुलचं मशीन चालू होतं. समोर त्याची आई, चिमणाबाई. माऊसपाशी झाकलेलं ताट. हार्ड डिस्क कुरकुरत होती, अतुल गेम खेळताना कुरकुरायची तशीच. कुणी हात लावला नसताना ती एवढी चालायला नको होती.

मी स्क्रूड्रायव्हर काढला, तसा चिमणाबाईंनी कॅबिनेटवर हात ठेवला.

"बसवू नगा, बाबा."

"काकू, शब्द दिलाय त्याला."

"म्हणून तर. शब्द पुरा झाला की त्यो जाईल. ह्ये कुरकुरतंय तवर घरात हाय की. ह्यास्नी मीच धाडत हुते तुमच्याकडं, कायतरी इचारून या, पर आणू नगा म्हणून."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला.

"काकू," मी खोटंच बोललो, "ह्यो न्हाईच बसवायचा. पुढच्या महिन्यात ह्याच्यापेक्षा भारी येतोय. तवर थांबू."

"थांबू की!" बाईंचा चेहरा उजळला. कॅबिनेटकडं वाकून त्या म्हणाल्या, "ऐकलंस का रं? थांब म्हणत्यात."

कुरकुर एकदम वाढली. चिमणाबाई हसल्या. त्यांना वाटलं, पोरगं हो म्हणालं.

मी पिशवी उचलली आणि मागं न बघता बाहेर पडलो. तो होकार नव्हता, हे मला कळलं होतं.