गोगलगायींच्या तोंडातली माती

मी नीटनेटका माणूस आहे. हा दोष आहे असं माझी बायको हेमा गेली पस्तीस वर्षं म्हणते आणि मी ते कधी मनावर घेतलं नाही. ती भूशास्त्राची प्राध्यापिका होती, त्यामुळे दगडावरची धूळसुद्धा तिच्या लेखी माहिती असते. मी विमा कंपनीत होतो. आमच्याकडे धूळ ही धूळच असे.

मार्चमध्ये तिची विद्यार्थिनी तनुजा आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये चार खोकी ठेवून गेली. सदाशिव पेठेतल्या तिच्या खोलीत तीन मुली राहतात, खोकी ठेवणार कुठे? तनुजा मूळची चंद्रपूरकडची. तिकडच्याच एका माळावर, रस्त्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तिला एका तळ्याचा गाळ सापडला होता. तळं साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचं. गाळात गोगलगायींचे दगड झालेले शंख, त्यावर लाव्हाचा जाड थर आणि लाव्हाच्या वर पुन्हा गाळ, पुन्हा शंख. तीन उन्हाळे तिथे पालथं पडून तिनं दोनशे बारा शंख काढले. लाव्हानं तळं गाडलं, त्यानंतर तळं पुन्हा भरलं तेव्हा खालच्याच गोगलगायी परत राहायला आल्या का, हा तिच्या पीएचडीचा प्रश्न. खड्डा आता बुजला होता आणि वर डांबर पडलं होतं. जे काही उरलं होतं ते आमच्या बाल्कनीत होतं.

मुलीकडे बंगळुरूला जाताना हेमा बजावून गेली, "अहो, त्या खोक्यांना हात लावू नका."

चार दिवस नाही लावला. पाचव्या दिवशी बाल्कनीत काळपट भुकटी सांडलेली दिसली आणि माझ्यातला विमा अधिकारी जागा झाला. खोकी उघडली. प्रत्येक शंख चिखलानं लडबडलेला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एकेक नंबर. आमचा पेपरवालासुद्धा कोपऱ्यात फ्लॅटचा नंबर असाच टाकतो. पोरीनं कुणाकुणाच्या घरची रद्दी गोळा केली आहे, इतकंच मला वाटलं. शंख टबात भिजवले, जुन्या टूथब्रशनं घासले, टॉवेलवर वाळवले आणि उंचीप्रमाणे ओळीनं लावले. कागद रद्दीत दिले. संध्याकाळी स्वतःवर इतका खूश होतो की हेमाला फोटो पाठवला.

दुसऱ्या मिनिटाला फोन आला. "कागद कुठे आहेत?"

कोणता शंख लाव्हाच्या खालचा आणि कोणता वरचा, हे फक्त त्या कागदांवरच्या नंबरांवरून कळणार होतं. चिखल निघेपर्यंत शंखावर नंबर घालता येत नाही, म्हणून नंबर कागदावर. ही त्यांची रीत. मी चप्पल न घालता रद्दीच्या दुकानाकडे पळालो. माल दुपारीच टेम्पोतून गेला होता.

दुसऱ्या दिवशी हेमा परतली, तनुजाही आली. माझ्या त्या चकचकीत रांगा बघून ती बाल्कनीत खालीच बसली. एक शंख उचलला, ठेवला, दुसरा उचलला. चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"इट्स ओके, काका," शेवटी ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात ओके नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, इतकी की नोकरीत कधी वाटली नव्हती.

हेमानं एक शंख उजेडाकडे धरून त्याच्या तोंडात पाहिलं. "आतून घासलेत?"

"आत ब्रश जात नव्हता. ते मोठे अकरा होते ना, त्यांच्यात गेला. ते आतून स्वच्छ केलेत."

"म्हणजे पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच तुमचं काम अर्धवट राहिलं," हेमा म्हणाली. "उपकार झाले. तनुजा, ऊठ."

गोगलगाय मरून तळाशी पडली की शंखात त्याच तळाचा गाळ भरतो. तो गाळ अजून आत होता. दोन्ही थरांची माती तनुजानं दोन बाटल्यांतही भरून आणली होती, आणि बाटल्या काचेच्या नि स्वच्छ असल्यामुळे माझ्या तावडीतून सुटल्या होत्या. हेमानं बाटल्यांतली थोडी थोडी माती धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवली, बारीक चाळणीतून धुतली, वाळवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"बघा," ती मला म्हणाली. इतक्या वर्षांत मी त्या यंत्राला फक्त पुसलं होतं.

मी डोळे लावले. मला वाटत होतं, चिखल दिसेल. तिथे खसखशीहून लहान गोळे होते, सोनेरी, आणि प्रत्येकावर पीळ घातलेल्या पाच कळ्या, मोदकाच्या कळ्या टोकाला येतात तशा वर एकत्र आलेल्या. एकही कळी चुकलेली नाही.

"पाणवनस्पतीची बीजं," हेमा म्हणाली. "खालच्या तळ्यात खच्चून आहेत. आता वरचं तळं बघा."

वरच्या मातीत मोदक नव्हते. तिथे तुरीच्या डाळीच्या घाटाचे दोन झाकणांचे शिंपले होते, मोदकांइतकेच लहान, पिवळसर, आरपार उजेड जाणारे. हे प्राणी होते. त्या पाण्यात पोहत होते. आकाशातल्या देवाला मी आजवर फार त्रास दिलेला नाही, पण त्या क्षणी हात जोडावेसे वाटले ते खरं.

मग आम्ही कामाला लागलो. तनुजा सुईनं शंखाच्या तोंडातली चिमूटभर माती काढी, हेमा ती धुई, आणि ओल्या ब्रशच्या टोकानं दाणे वेचायचं काम शिक्षा म्हणून मला मिळालं. तिसऱ्या दिवशी ती शिक्षा राहिली नाही. सकाळी टेकडीवर फिरायला गेलो की पायाखालचा काळा दगड त्याच लाव्हाच्या उद्रेकांतला, हे आता मला माहीत होतं. तीस वर्षं मी त्या दगडावर बसून सोसायटीच्या पार्किंगबद्दल बोललो होतो.

शंखांच्या तीन जाती होत्या. धुतल्यावर त्या ओळखू येत होत्या, तेवढा फायदा मी केला होता. त्यांतली एक डावखुरी, तिचं तोंड डावीकडे. तनुजाचा सगळा भरवसा हिच्यावर होता. पण आठ दिवस प्रत्येक डावखुऱ्या शंखातून मोदकच निघत होते. सगळ्या खालच्या, म्हणजे सगळ्या गाडल्या गेलेल्या. तनुजा जेवण अर्धवट टाकून पुन्हा सुई हातात घेई.

नवव्या दिवशी दुपारी माझ्या ताटलीत एका डावखुऱ्या शंखाची माती आली. एक शिंपला दिसला. दुसरा. मोदक शोधले, एकही नव्हता. मी तीनदा मोजलं आणि हाक मारली.

तनुजानं वाकून पाहिलं. मग तशीच वाकलेली असताना म्हणाली, "काका, ही वरची आहे. परत आल्या होत्या त्या." आणि रडायला लागली. हेमा तिची पाठ थोपटत राहिली. मी उगाचच चहा टाकायला गेलो. एवढी आग ओतली गेली, त्यावर पाऊस पडत राहिला, पाणी साचलं, आणि कुठून तरी ती बोटाएवढी गोगलगाय चालत परत आली. कुठून आली असेल?

दोनशे एक शंखांचे थर लागले. डावखुऱ्यांपैकी सतरा वरच्या निघाल्या.

उरल्या अकरा. सगळ्यांत मोठ्या, सगळ्यांत देखण्या, सगळ्या डावखुऱ्या. त्या वरच्या असतील तर तनुजाचं उत्तर कितीतरी पक्कं होणार होतं. तिनं वहीत लिहिलं, 'अकरा नमुने, थर अज्ञात', आणि ते माझ्याकडे सरकवले. "हे तुमच्याकडेच राहू द्या, काका."

सगळ्यांत मोठी मी उजेडाकडे धरली. आत एक कणही नव्हता. वर लाव्हा आला, हिमालय उभा राहिला, माणसं आली, रस्ता आला, तरी आपण कुठल्या तळ्यातली ते हिनं तोंडात धरून ठेवलं होतं. मी ते एका दुपारी बाल्कनीच्या मोरीत सोडून दिलं, आणि वर फिनेल टाकलं.