नळीवरचं नाव

केया दुपारी झोपली की मला चाळीस मिनिटं मिळतात. कपड्यांच्या घड्या तशाच टाकून मी बेसमेंटमध्ये उतरते, कारण तिथे माझे सासरे असतात आणि त्यांच्या रायफली. बाबा इथल्या, कॅनडातल्या सस्काटूनच्या युनिव्हर्सिटीतून रिटायर झाले आणि जुन्या अमेरिकन लाँग रायफली जमवायला लागले. माझ्या हनुवटीपर्यंत येतील एवढ्या लांब, मेपलच्या लाकडाच्या, दीड-दोनशे वर्षांच्या. चालवत कुणीच नाही. बाबा नुसते भिंग घेऊन त्यांच्याकडे बघत बसतात, झोपलेल्या केयाकडे मी बघते तसे.

त्यातली लाडकी एकच. तिच्या दस्त्यात झाकणवाली पितळी डबी आहे आणि डबीच्या टोकाला डेझीचं फूल. त्या फुलावरून बाबांनी चार वर्षांपूर्वी जाहीर केलं, ही पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरची, १७९० ची. जुन्या बंदुका जमवणाऱ्यांच्या क्लबातला वॉल्टर म्हणायचा, "बिननावाची आहे, गुरू. तीन बंदुकांचे तुकडे जोडलेत कुणीतरी."

शनिवारी क्लबचं प्रदर्शन होतं. बाबांनी कार्डच छापून आणलं होतं: लँकेस्टर, १७९०. वॉल्टरच्या नाकावर टिच्चून ते टेबलाच्या मधोमध ठेवायचं होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. केयाला झोपवून मी खाली आले, तर लाडकी रायफल पाटावर. नळीवर हळदीकुंकू, शेवंतीची फुलं, आणि सासूबाई हात जोडून उभ्या. बाबा ग्रोसरीला गेले होते.

"आई, हे काय!"

"दरवर्षी स्क्रूड्रायव्हर आणि मिक्सरची पूजा करते. घरात खरं शस्त्र आहे, त्याची का नको?"

"अहो, ओलं झालंय! गंजेल ना नळी."

"दोन थेंबांनी? मग लढाईत काय छत्री धरायचे?"

वर गराजचं दार वाजलं. मी खांद्यावरचं केयाचं लाळेरं ओढलं आणि नळी खसाखसा पुसायला लागले. हळद गेली, कुंकूही गेलं, पण एका जागी केसासारख्या बारीक लाल रेघा राहिल्या. पुन्हा पुसलं तर आणखीच स्पष्ट झाल्या. झिजलेली कोरीव अक्षरं होती ती, खाचांत कुंकू बसलेली. ई. ट्रॉस्टमन.

"काय चाललंय तुमचं?" बाबा जिन्यावरून ओरडले. मग जवळ येऊन वाकले. त्यांनी भिंग घेतलं, मग कारागिरांच्या यादीचं जाडजूड पुस्तक. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ओहायो," ते म्हणाले. "अठराशे चाळीसच्या पुढची."

"अहो, नाव मिळालं की!" सासूबाई म्हणाल्या. "तोंड का पाडलंय?"

"चार वर्षं लँकेस्टर लँकेस्टर करून सगळ्यांचे कान किटवलेत, शोभा."

"मग टाका पुसून. आम्ही दोघी काही बोलत नाही."

बाबांनी माझ्या हातातलं लाळेरं घेतलं. तेवढ्यात मॉनिटरवर केया रडली आणि मला वर पळावं लागलं. तिला कडेवर घेऊन परत आले तेव्हा लाल अक्षरं जागच्या जागी होती, आणि बाबा छापील कार्ड उलटं करून त्यावर स्केचपेननं काहीतरी लिहीत होते.

शनिवारी वॉल्टरनं ते कार्ड वाचलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"म्हणजे लँकेस्टर नाही?"

"नाही. चार वर्षं मी चुकत होतो." बाबांच्या कानाच्या पाळ्या लालेलाल झाल्या होत्या. मी केयाला उगाच घट्ट धरलं.

वॉल्टर नळीवर वाकला तो बराच वेळ उठेना. "आणि मी म्हणायचो, नावच नाही," तो शेवटी पुटपुटला. "हे लाल कुठलं केमिकल आहे?"

"ते माझ्या बायकोचं डिपार्टमेंट."

वॉल्टरनं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "माझ्याकडेही दोन आहेत, बिननावाच्या. बघेल का ती?"

बाबा कालपासून पहिल्यांदाच ताठ उभे राहिले. "विचारून बघतो," ते म्हणाले. "बूट मात्र दाराशी काढावे लागतील."